हिरड्याच्या रानातली गोष्ट कोण लिहिणार?

डॉ. गोविंद गारे (१९३९-२००६) यांच्या लेखनकार्याचे मोल महाराष्ट्राला अद्याप पुरतेपणी उमगलेले नाही, असेच म्हणावे लागते. जुन्नर तालुक्यातील निमगिरी गावी महादेव कोळी कुटुंबात ते जन्मले. पुढे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक झाले. ज्या समाजाविषयी तोवर बहुधा बाहेरच्यांनीच लिहिले होते, त्याविषयी त्यांनी आतून लिहिले. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा त्यांचा ग्रंथ या दृष्टीने मोलाचा आहे. परंतु हे लेखन बव्हंशी अभ्यासकांसाठी होते. त्याच डोंगरातील आठ वर्षांच्या मुलाच्या हाती आपण काय दिले?

या मुलाचे जग दरिद्री नाही. हिरडा वेचणे, राब भाजणे, पावसात वाकून केलेली भाताची आवणी, कारवीच्या कुडाचे घर, वाघबारशीची पूजा, देवराईचा दरारा हे सारे त्याच्या रोजच्या अनुभवातले आहे. मराठी बालवाङ्मयात मात्र आदिवासी भेटलाच, तर तो बहुधा तिरकमठा घेतलेला, भोळा आणि कोणीतरी सुधारण्याची वाट पाहणारा असा भेटतो. स्वतःचे घर पुस्तकात कधीच न पाहिलेले मूल आपले घर पुस्तकात येण्याच्या लायकीचेच नाही, असा धडा न शिकवताही शिकते.

कॅनडातील क्री आदिवासींनी हाच धडा अधिक क्रूर रीतीने भोगला. त्या देशात दीड लाखाहून अधिक आदिवासी मुले निवासी शाळांत नेली गेली. तेथे त्यांना मातृभाषा बोलण्यास मज्जाव असे. क्री वंशाचे लेखक डेव्हिड रॉबर्टसन यांनी ‘व्हेन वुई वेअर अलोन’ (२०१६) या पुस्तकात ही कहाणी आजी-नातीच्या संवादातून लहान मुलांना सांगितली. त्यांच्या ‘ऑन द ट्रॅपलाइन’मध्ये (२०२१) आजोबा नातवाला उत्तरेकडे, आपल्या बालपणीच्या शिकारीच्या वाटेवर घेऊन जातात आणि नातू वाटेत क्री शब्द गोळा करीत जातो. दोन्ही पुस्तकांची चित्रे ज्युली फ्लेट यांची, आणि दोन्हींना कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार लाभला. आजोबांच्या वाटेने नातवाने एकदा तरी चालावे, एवढीच त्या गोष्टीची मागणी आहे.

आपल्याकडे ही वाट फार लांबची नाही. चाकणची औद्योगिक वसाहत आणि भीमाशंकरच्या अरण्याचा काही भाग ही दोन्ही एकाच खेड तालुक्यात आहेत. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातून तरुण या पट्ट्यात कंत्राटी कामाला येतात, भाड्याच्या खोल्यांत संसार मांडतात. त्यांच्या मुलांना हिरडा कसा दिसतो हे कोण सांगणार?

बाजार सांगणार नाही, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने स्पष्टपणे म्हटले पाहिजे. रंगीत पुस्तकाच्या चित्रांचा व छपाईपूर्व कामाचा खर्च हजार प्रतींना जवळपास तेवढाच येतो, जेवढा दहा हजारांना. खरेदीची ऐपत नसलेल्या वाचकासाठी कोणता प्रकाशक तो सोसेल? येथे मागणी नाही असे नव्हे. मागणीमागे पैसा नाही.

पैसा मात्र जवळच आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही तो कायदा सांगतो. या रकमेच्या अल्पशा अंशातून खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळच्या आदिवासी जीवनावर वीस पुस्तके सहज निघतील. ती जिल्हा परिषदेच्या शाळांत जावीत, तशी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या शाळांतही जावीत. अट एकच असावी. लेखक, चित्रकार आणि मजकुराचा अंतिम निर्णय त्या समाजाचा असावा; कंपनीचे नाव मलपृष्ठावर, लहान अक्षरांत पुरे.

आदिवासी पालकांना प्रमाण मराठी आणि इंग्रजी हवी असताना त्यांच्या बोलीतले शब्द पुस्तकात कशाला, असा आक्षेप येईल. पालकांची अपेक्षा रास्तच आहे. पण ओळखीच्या शब्दावरून अनोळखी शब्दाकडे जाणे हीच वाचनाची स्वाभाविक वाट आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला वारली मुलांच्या परिसरालाच शिक्षणाचे साधन केले, ते याच विचाराने.

गारे यांच्या पिढीने आदिवासींचा अभ्यास आदिवासींच्या हाती आणला. आता गोष्टही त्यांच्या हाती आली पाहिजे. हिरड्याचे रान ठाऊक असलेल्या आज्या अजून हयात आहेत. त्या आहेत तोवरच हे काम होऊ शकते.