नोंद असते, ती शोधता यायला हवी

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा सर्वांत अधिक हादरले ते त्यांत घर घेऊन बसलेले सामान्य लोक. या इमारतींसाठी बनावट परवानग्या तयार करण्यात आल्या आणि त्यांच्याच आधारे महारेराकडे, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, प्रकल्पांची नोंदणीही झाली. ‘सरकारी नोंदणी आहे’ या एका वाक्यावर आयुष्याची पुंजी ओतणाऱ्यांना आज शहाणपण शिकवणे सोपे आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. सार्वजनिक नोंदवहीला काय विचारायचे आणि तिच्या उत्तरावर किती विसंबायचे, हे या नागरिकांना कोणी कधी शिकवले होते काय?

२०१६ चा स्थावर संपदा अधिनियम १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. त्यापूर्वी घर घेणाऱ्याच्या हाती गुळगुळीत माहितीपत्रक आणि विक्रेत्याचा शब्द, एवढेच असे. या कायद्याने प्रकल्पाची कागदपत्रे संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. जमिनीची मालकी, तिच्यावरील बोजे, बांधकामाची परवानगी, काम पुरे होण्याची तारीख हे सारे तेथे असावे लागते. किती घरांची नोंद झाली आणि कोणती परवानगी बाकी आहे, हे विकासकाने दर तीन महिन्यांनी सांगायचे असते. ही लहान क्रांती नव्हे. परंतु दार उघडे असणे आणि आतली वस्तू सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शोधयंत्राला अर्थ कळत नाही. ते अक्षरे जुळवून पाहते. येथेच आपल्याकडचा घोटाळा सुरू होतो. ‘लक्ष्मी’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ घालून. ‘श्री’ची रूपे तर तीन-चार. ‘वडगाव बुद्रुक’ एका कागदावर ‘व्ही’ने सुरू होते, दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने, आणि ‘बुद्रुक’चे पुष्कळदा ‘बी. के.’ होऊन जाते. पूर्ण नाव लिहून शोध घेणाऱ्यास ‘माहिती नाही’ असे उत्तर मिळते, आणि तो नोंदच नाही असे समजून उठतो. आवक-जावक सांभाळणारा अनुभवी कारकून असे करीत नाही. तो आधी नावातला न बदलणारा तुकडा धरतो, मग जिल्हा आणि तालुका लावून यादी आखूड करतो, आणि तरीही न साधल्यास दुसऱ्या वर्तनीने पुन्हा पाहतो.

जाहिरातीतील नाव हीदेखील फसवी किल्ली आहे. संकुल एका नावाने विकले जाते. पण टप्प्याटप्प्याने उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा कायद्याने स्वतंत्र प्रकल्प मानला आहे. पहिल्या टप्प्याची नोंद पाहून तिसऱ्या टप्प्यात घर घेणारा भलत्याच कागदावर विसंबतो. म्हणून सर्वांत खात्रीची किल्ली म्हणजे नोंदणी क्रमांक. तो जाहिरातीत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. त्यानंतर विकासकाच्या नावाने शोध घ्यावा, म्हणजे त्याचे अन्य प्रकल्प वेळेवर पुरे झाले की रखडले ते दिसते. भागीदारी संस्था नवी असली तरी भागीदार जुने असू शकतात. तेव्हा त्यांचीही नावे पाहावीत.

काहीच सापडले नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नये. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा घरे आठाहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. उलट नोंद सापडली म्हणजे सर्व ठीक आहे, असेही नव्हे. डोंबिवलीचा धडा नेमका हाच आहे. एका नोंदवहीतील उत्तर दुसरीवर ताडून पाहावे लागते. सर्व्हे क्रमांक किंवा गट क्रमांक घेऊन सातबारा पाहावा, बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेत विचारावे. दोन्हीकडचा मेळ बसला, तरच पुढे जावे.

शिक्षकाने शाळा सांभाळावी, कारकुनाने कचेरी. त्यांनी घर घेताना गुप्तहेर का व्हावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. नागरिकाच्या दक्षतेने सरकारची जबाबदारी संपत नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवले. ते ग्रंथांच्या सूचीइतकेच घरांच्या सूचीलाही लागू पडते. नोंदवही लोकांसाठी असेल, तर वर्तनीच्या फरकाने नोंद हरवता कामा नये, गावाला एकच निश्चित संकेतांक हवा, आणि देवनागरीत विचारलेल्या प्रश्नाला रोमनमधील नोंदही सापडली पाहिजे. महापालिकेने न दिलेली परवानगी नोंदणीच्या वेळीच उघडी पडावी, हे तर सर्वांत आधी. तपासणीचे मूळ काम शासनाचे. नागरिकाची तपासणी ही दुसरी चाळणी असावी, पहिली नव्हे.

तोवर मात्र शाळा-महाविद्यालयांनी एवढे तरी करावे. अर्ज कसा लिहावा हे मुलांना शिकवले जाते. सार्वजनिक नोंद कशी शोधावी, हेही शिकवावे. निबंधाच्या चार गुणांपेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल. कारण इथली एक चूक घराच्या किमतीएवढी महाग पडते.