मालकी कशाला म्हणावी?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव आहे. तेथून मोटारीने दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटर जावे, मग पश्चिमेस वळून आणखी अडीचशे किलोमीटर. तांबड्या मातीच्या त्या ओसाड प्रदेशात ३४८ मीटर उंचीचा एक प्रचंड खडक दिसतो. तो उलुरू. गोऱ्यांनी १८७३ साली त्याला ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. पण अनंगू आदिवासींचे ते पवित्र स्थान त्यापूर्वी हजारो वर्षांपासूनचे आहे.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मालकी आणि भाडेपट्टा हे विषय शिकवतात. उलुरूची हकीकत वाचल्यापासून मला त्या व्याख्या अपुऱ्या वाटू लागल्या आहेत.

१९८३ साली पंतप्रधान बॉब हॉक यांनी ही जमीन अनंगूंना परत देण्याचे व खडकावरील चढाई थांबवण्याचे आश्वासन दिले. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमीन अनंगूंच्या नावे झाली खरी. पण ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती पुन्हा सरकारकडेच गेली, आणि चढाई चालूच राहिली! मालक ‘कृपया चढू नका’ अशी विनंती करीत होते आणि पाहुणे साखळी धरून चढत होते. २०१० साली चढाई बंद करण्यासाठी ज्या अटी ठरल्या, त्यांपैकी एक अशी, की चढणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली यावे. म्हणजे गिऱ्हाईक घटले, तर मालकाच्या श्रद्धेचा विचार व्हायचा!

कोणी म्हणेल, ‘निसर्ग सर्वांचा आहे, मग अडवणूक कशाला?’ माझे म्हणणे इतकेच, की पाहायला कोणीच अडवलेले नाही. सुमारे दहा किलोमीटरच्या वाटेने खडकाला पायी प्रदक्षिणा घालता येते. वरून देखावा छान दिसेल म्हणून आपण देवळाच्या शिखरावर चढत नाही. पायरीशी चपला काढतो आणि त्यात आपले काही गेले असे आपल्याला वाटत नाही.

अखेर २६ ऑक्टोबर २०१९ रोजी चढाई कायमची बंद झाली. जमीन परत मिळाल्यावर बरोबर चौतीस वर्षांनी. माझ्या मते अनंगू खरे मालक झाले ते त्या दिवशी. ज्या मालकाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या हाती केवळ कागद असतो.

— बी. कॉम. भाग २