पोथींतील एक अक्षर

आमच्या परिचयाच्या एका घरीं नातू झाला. बारशाच्या वेळीं बाळ चांगलें गुटगुटीत होतें. सहा महिने होतात न होतात तोंच तें फिकें पडूं लागलें. दूध घेईना, वजन वाढेना. रक्त तपासलें तेव्हां थॅलेसीमिया मेजर हा रोग निघाला, आणि आतां दर तीन-चार आठवड्यांनीं बाळास दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. घरांतील वडील बाईंच्या तोंडून सहज शब्द निघून गेले, “आमच्या घराण्यांत असलें कधीं नव्हतें!” ते सुनेच्या जिव्हारीं लागले. दोष कोणाचा, हा प्रश्न अशा वेळीं अनेक घरांत उठतो. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं पोथ्या हातानें उतरून घेत. लेखक कितीहि सावध असला तरी मोठ्या ग्रंथांत एखादें अक्षर चुकावयाचेंच. आणि पुढील लेखक तोच मूळ पाठ समजून तो तसाच उतरी. आपल्या शरीराचीहि अशीच पोथी आहे. तिच्या वर्णमालेंत अक्षरें चारच, पण ग्रंथ सुमारें ३०० कोटी अक्षरांचा. तिची एक प्रत आपणांस आईकडून मिळते व एक वडिलांकडून. नक्कल होतांना अक्षर बदललें म्हणजे त्यास शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. प्रत्येक नवजात बालकांत असे सुमारें ६० ते ७० नवे बदल असतात. आणि आइसलंडमधील कुटुंबांच्या २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, त्यांतील बहुतेक वडिलांकडून येतात व वडिलांच्या वयाबरोबर वाढत जातात! बहुतेक बदलांनीं कांहींच बिघडत नाहीं. कांहीं घातक ठरतात, क्वचित् एखादा उपकारक. परंतु ह्या चुका मुळींच झाल्या नसत्या, तर आद्य सूक्ष्म जीवापासून मनुष्यापर्यंतचा विस्तारहि झाला नसता. निवड करावयास निसर्गास वैचित्र्य लागतें, आणि त्याचा मूळ पुरवठा ह्या चुकांतूनच होतो.

रक्तास लाल रंग देणाऱ्या हीमोग्लोबिनच्या घडणींत बीटा नांवाची एक साखळी लागते. थॅलेसीमियांत तिची कृति सांगणारा मजकूरच बिघडतो. भारतांत सर्वांत अधिक आढळणारा बिघाड केवळ एका अक्षराचा आहे. गर्भांत निराळें हीमोग्लोबिन काम करितें व जन्मानंतरच्या महिन्यांत तें मागें सरतें. म्हणूनच बारशाचें बाळ निरोगी दिसतें आणि रोग मागाहून प्रकट होतो. ज्याची एक प्रत बिघडलेली पण दुसरी शुद्ध, तो मनुष्य धडधाकट असतो. फार तर थोडा रक्तक्षय, जो लोहाच्या औषधानेंहि हटत नाहीं. अशांस वाहक म्हणतात.

मग असला घातक पाठ काळाच्या ओघांत नष्ट कां झाला नाहीं? जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असा तर्क मांडला कीं, भूमध्य समुद्राच्या आसपास हा रोग इतका आढळतो, त्या अर्थीं वाहकांस हिवतापापासून कांहीं संरक्षण मिळत असावें. विदर्भांतील अनेक आदिवासी घरांना छळणारा सिकलसेल हा याच जातीचा विकार. त्याविषयीं अँथनी अ‍ॅलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंत केलेल्या संशोधनानें १९५४ सालीं ह्या विचारास आधार दिला. हाल्डेन स्वतः १९५७ मध्यें भारतांत आले, येथलेच नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तले. ज्या अक्षरानें कोणा पूर्वजास हिवतापाच्या तडाख्यांतून तारलें, तेंच दोन्हींकडून एकत्र येतांच नातवाच्या जिवावर उठतें. यांत पाप कोणाचें म्हणावें?

हा रोग होण्यास आई व बाप दोघेहि वाहक असावे लागतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास रोगाची शक्यता चारांत एक. आणि पहिलें मूल आजारी निघालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं असें नव्हे, प्रत्येक वेळीं फासा नव्यानेंच पडतो. आपण सगोत्र विवाह टाळतों. परंतु गोत्र केवळ पित्याच्या बाजूनें मोजलें जातें. मामेबहीण भिन्न गोत्राची खरी, तरी तिच्या व आपल्या पोथ्यांत एकाच आजोबांचें हस्ताक्षर असतें. आजोबा वाहक असतील, तर चुकीचा पाठ दोघांकडेहि येण्याचा संभव वाढतो.

सायप्रस बेटांत सातांपैकीं सुमारें एक मनुष्य वाहक आहे. तेथील ख्रिस्ती धर्मपीठानें १९८० च्या दशकांत विवाहापूर्वीं रक्त तपासल्याचा दाखला आवश्यक केला. अहवाल कसाहि असो, लग्नास बंदी नव्हती. बहुतेक वाहक जोडप्यांनीं लग्नें केलीं व गर्भाची तपासणी करून घेतली. पुढें थोड्याच वर्षांत रोगी बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे पत्रिका पाहण्यास आठ दिवस देणाऱ्यांनीं रक्ताच्या एका चांचणीस एक सकाळ द्यावयास काय हरकत आहे? मात्र एक भय आम्हांस वाटतें. ह्या अहवालाचा नवा मंगळ करून मुली नाकारल्या जाऊं नयेत! वधूवरांपैकीं एकच वाहक असेल, तर संततीस थॅलेसीमिया मेजरचें भय नाहीं. दोघेहि असतील तर तें आधीं कळणें बरें. गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास होऊं शकते, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा.

प्रारंभीं सांगितलेल्या घरीं डॉक्टरांनीं सर्वांचेंच रक्त तपासविलें. सून वाहक निघाली, मुलगाहि निघाला. आणि मुलास तो पाठ ज्यांच्याकडून आला, त्या स्वतः वडील बाईच होत्या. “असलें कधीं नव्हतें” हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. असलेलें कधीं दिसलें नव्हतें, इतकेंच. त्या दिवशीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु आतां रक्त देण्याच्या दिवशीं इस्पितळांत बाळास मांडीवर घेऊन सुनेच्या शेजारीं बसलेल्या त्या आम्हांस नेहमीं दिसतात.