मत बदललं, तर कारण छापा

मी २२ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीच्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, मत बदललं की माणूस गद्दार होतो का?’’ बातम्यांत तेव्हा रोज तोच शब्द होता. वर्गात हशा पिकला आणि मी घंटेची सबब सांगून सुटले.

उत्तर मला पुढे फ्रेडरिक डग्लसकडे मिळालं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. ते कोण, हे शोधताना हा भेटला.

मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला हा मुलगा. बाल्टिमोरच्या मालकिणीनं त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. शिकलेला गुलाम हातात राहत नाही म्हणून मालकानं ते बंद पाडलं. पोरानं ते ऐकलं. मग तो घरातला पाव खिशात घालून न्यायचा, गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना द्यायचा आणि बदल्यात अक्षरं मागून घ्यायचा. १८३८ मध्ये तो निसटला.

उत्तरेत त्याला व्यासपीठ दिलं गुलामीविरोधी चळवळीचा नेता विल्यम लॉइड गॅरिसननं. गॅरिसनचं मत कडक: राज्यघटनाच गुलामीशी तडजोड करून लिहिलेली, तेव्हा तिच्याखाली मतदानही नको. डग्लसही बरीच वर्षं हेच सांगत हिंडला. पुढे रॉचेस्टरला त्यानं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, वाद घातले, घटना पुन्हा वाचली. मे १८५१ मध्ये सिरॅक्यूजच्या अधिवेशनात, गॅरिसनच्या देखत, त्यानं सांगून टाकलं की आपलं मत बदललं आहे. हीच घटना गुलामीविरुद्ध वापरता येते आणि मतपेटीही वापरली पाहिजे.

पैशासाठी फिरला, असं लोक म्हणाले. धनाढ्य गेरिट स्मिथ त्याच्या पत्राला मदत करत होता, हे खोटं नव्हतं. डग्लसनं आपली कारणं त्याच पत्रात, आपल्या नावानं छापली आणि वाद अंगावर घेतला. ज्यानं उभं केलं त्याचीच मैत्री गेली.

आमच्याकडे रातोरात बाजू बदलणारे सकाळी ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ एवढं बोलतात आणि गाडीची काच वर करतात. कालपर्यंत जे बोललो त्यात चूक काय होती, हे एकजणही सांगत नाही. त्या मुलीला आज मी हेच म्हणेन: मत बदलणाऱ्याकडे आधी कारण माग.

डग्लसशी माझंही एक भांडण आहे. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला बायकांच्या मताधिकाराच्या ठरावावर सभा कचरत असताना तो ठराव मांडणाऱ्या एलिझाबेथ स्टँटनच्या बाजूनं बोलला होता. पण १८६९ मध्ये एका सभेत, काळ्या पुरुषांना आधी मत मिळू दे, कारण त्यांचे रोज जीव जाताहेत, असं तो म्हणाला. जीव जात होते, हे खरं. पण काळ्या बाईचं काय, असं सभेतच कुणीतरी विचारलं, तेव्हा तिचे हाल ती काळी म्हणून होतात, बाई म्हणून नव्हे, असं त्याचं उत्तर होतं. ते मला अजून पटत नाही. स्टँटन आणि तिची सहकारी सुसान अँथनी त्याच्यापासून दुरावल्या, आणि रागात त्याही काळ्यांबद्दल बोलू नये ते बोलल्या.

तरी बायकांच्या सभांना जाणं त्यानं सोडलं नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजीही तो वॉशिंग्टनमध्ये अशाच एका सभेला गेला होता. त्याला मंचावर घेऊन जाणाऱ्यांत सुसान अँथनी होती. त्याच संध्याकाळी, घरी परतल्यावर, तो वारला.