जपायचं काय, टाकायचं काय?



एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि खार्टूमच्या कितीतरी चित्रकार बायकांनी कैरोची, नैरोबीची वाट धरली. त्याच देशातल्या कमला इब्राहिम इशाक यांनी 'झार'मध्ये जमलेल्या बायका वर्षानुवर्षं रंगवल्या. झार म्हणजे आपल्याकडच्या अंगात येण्यासारखाच विधी. अशा बायका देश सोडतात तेव्हा सोबत काय नेतात?

उत्तर शोधायला मला लांब जावं लागत नाही. आपल्याच नागपुरात जरीपटका आहे. १९४७ मध्ये पंजाब आणि बंगाल दुभंगले, पण अर्धा तरी हाती राहिला. सिंध अख्खाच पलीकडे गेला. सिंधी भाषेला इथे स्वतःचं राज्यच उरलं नाही. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा मिळायला १९६७ उजाडलं. तोवर भाषा टिकली ती घरात, म्हणजे मुख्यतः बायकांच्या तोंडी. लग्नात ढोलकीवर म्हटल्या जाणाऱ्या लाडांमध्ये.

चेटीचंडला मिरवणूक थाटात निघते. लाडा गाणाऱ्या आजींचं नाव मात्र कुठल्या फलकावर मी पाहिलेलं नाही. (आपणही शिबिरात ओव्या म्हणतो आणि शेजारणीची गाणी विचारत नाही, हेही खरंच.)

पण वारसा म्हटलं की सगळंच गोंजारायचं का? हैदराबाद-सिंधहून मुंबईत आलेल्या पोपटी हिरानंदानी यांनी निर्वासितपणाचं दुःख लिहिलं, तसंच समाजातल्या 'देती-लेती'वर, म्हणजे हुंड्यावर, कोरडे ओढले. स्वतः अविवाहित राहिल्या. त्यांच्या आत्मचरित्राला १९८२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भाषा छातीशी धरायची आणि देती-लेती झुगारायची, असा निवाडा या बाईने स्वतः केला. 'आपली संस्कृती' म्हणून दोन्ही एकाच गाठोड्यात बांधणाऱ्यांना तो रुचणारा नव्हता.

त्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत लिहीत. आज जरीपटक्यातल्या अनेक नातींना ती लिपी वाचता येत नाही. आजीची पत्रं ट्रंकेतच राहतात.

पुढच्या शिबिराला तिथल्या काही आजींना बोलावलं आहे. लाडा रेकॉर्ड करू, गाणारीचं नाव लिहून घेऊ, आणि त्यांच्या लग्नात काय दिलं-घेतलं गेलं तेही विचारू. ती लिपी वाचणारी कुणी ओळखीत असेल तर जरूर कळवा.