शांघायहून आलेलें पत्र

आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला व सध्यां चीन देशांत शिक्षण घेत असलेला एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यांत शांघाय शहर प्रथमच पाहून आला, आणि त्या भेटीची हकीकत त्यानें आम्हांस चार पानें भरून कळविली. पत्र आम्हीं दहावीच्या वर्गांत वाचून दाखविलें. पुढें पालकांच्या सभेंतहि तोच विषय निघाला. तेथें जो वाद झाला त्यासंबंधीं आमचें मत येथें मांडीत आहों.

मुलाला प्रथम जें दिसलें तें कोणालाहि दिसलें असतें. ह्वांगपू नदीच्या पूर्वेस पूदोंग नांवाचा भाग आहे. त्याच्या विकासाची घोषणा १९९० सालीं झाली. आज तेथें ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर उभा आहे. भुयारी रेल्वे १९९३ सालीं सुरू झाली, व तिचे मार्ग आतां ८०० किलोमीटरांहून अधिक आहेत. भाजीवालीच्या टोपलीशेजारींसुद्धां छापील चौकोनी खूण टांगलेली असते, तिच्यावर मोबाइल धरला कीं पैसे पोंचते. विजेवर चालणाऱ्या दुचाक्या इतक्या निःशब्द येतात कीं दोनदां त्या त्याच्या अंगावरच आल्या! पदपथावरून मात्र पायीं चालतां येतें, हें त्याचें साधें वाक्य वाचून आम्ही स्वतः खजील झालों.

शेवटीं त्यानें लिहिलें होतें, ‘सर, हें पाहिल्यावर आपल्याकडील कशाचेंच कौतुक वाटेनासें झालें आहे.’

एक पालक म्हणाले, मुलगा खरें तेंच बोलला. मुंबईचें शांघाय करूं असें २००४ च्या सुमारास पुढारी सांगत होते, त्याचें काय झालें? दुसरे म्हणाले, जेथें सरकारविरुद्ध ब्र काढण्याची सोय नाहीं तेथील वैभव घेऊन काय करावयाचें? दोघांचेंहि म्हणणें निराधार नव्हे. परंतु दोघेहि शांघायकडे पाहत नव्हते. पहिले आपल्या नगरपालिकेवर रागावले होते, आणि दुसरे आपल्या मनाची समजूत घालीत होते.

आमची तक्रार निराळी आहे. चार पानांच्या त्या पत्रांत भाजीवाली सोडली तर एकहि माणूस नव्हता, आणि तीहि तिच्या टोपलीपुरती. मनोरे होते, वेग होता, आंकडे होते. ते मनोरे बांधणारे हात कोठून आले? पुष्कळसे खेड्यांतून आले. चीनमध्यें प्रत्येकाची नोंद एका विशिष्ट ठिकाणाशीं बांधलेली असते. त्या पद्धतीस हुकोउ म्हणतात. बाप शहरांत वर्षानुवर्षें राबला तरी नोंद गांवची असल्यास मुलाला महाविद्यालय-प्रवेशाची परीक्षा बहुधा गांवींच जाऊन द्यावी लागते. म्हणून लक्षावधि मुलें आजी-आजोबांपाशीं गांवांत राहतात. आमच्याकडील ऊसतोड कामगारांचीं मुलें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस यावर अधिक सांगावयास नको.

आम्हीं त्याला उलट पत्रीं लिहिलें कीं, मनोऱ्यांकडे पाठ करून नदीच्या पश्चिम तीरावर जा. तेथें हिरव्या निमुळत्या छपराची एक इमारत आहे. १९२९ सालीं ती पुरी झाली. बांधणारे सर व्हिक्टर ससून. हो, तेच ससून! त्यांचे पूर्वज डेव्हिड ससून बगदाद सोडून मुंबईस आले. पुण्याच्या रुग्णालयास व मुंबईच्या ग्रंथालयास त्यांचेंच नांव आहे. या घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारांतून आला. माळव्यांत पिकलेली अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाई, आणि त्या व्यापारांत सर जमशेटजी जीजीभाईंसारखे आमचे दानशूरहि होते. चीनच्या बादशहानें अफू अडविली, युद्ध झालें, आणि १८४२ च्या तहानें शांघाय परकीय व्यापारास खुलें करणें त्यास भाग पडलें. ज्या रुग्णालयांत आमचीं माणसें बरीं होतात त्याच्या विटांत कोठें तरी चिनी व्यसनी माणसाचा पैसा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चिनी जखमींच्या शुश्रूषेस गेले व १९४२ सालीं तेथेंच वारले, हें आम्ही अभिमानानें सांगतों. अफूचें सांगतांना आमची जीभ अडखळते.

मुलाचें पहिलें दर्शन आम्हांस खोटें ठरवावयाचें नाहीं. आपल्या अस्वच्छ रस्त्यांची त्याला लाज वाटली, हें चांगलेंच झालें. परंतु परक्याचें वैभव पाहून आपल्या घराची किळस येणें व आपलेंच थोर म्हणून डोळे मिटणें, या दोहोंतहि पाहण्याचे कष्ट वांचविलेले असतात. आणि मुलांस एवढा खर्च करून दूरदेशीं पाठवावयाचें तें पाहण्यासाठींच ना?

दिवाळीनंतर दुसरें पत्र आलें, तें अवघें एक पान. हिरव्या छपराची इमारत त्यानें पाहिली होती, पण तिच्यासंबंधीं दोनच ओळी होत्या. बाकीच्या पानांत एका बागेंतील म्हातारा होता. हातभर लांब कुंचला पाण्यांत बुडवून तो फरसबंदीवर अक्षरें लिही, आणि मागचीं वाळत तोंवर पुढचीं लिही. यानें कुंचला मागून घेतला व आपलें नांव देवनागरींत लिहिलें. शिरोरेघेवर बोट ठेवून म्हाताऱ्यानें कांहीं तरी विचारलें. तें याला कळलें नाहीं, आणि तोंवर नांव वाळून गेलें होतें.