‘सुधारणा आवश्यक’ म्हणजे नेमके काय?

निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात उल्हासनगर कॅम्प २ मधील एका वस्तीत आम्ही बसलो होतो. कापड दुकानात कामाला जाणाऱ्या एका भगिनीने चौथीतल्या मुलीचे प्रगतिपुस्तक आमच्या हाती दिले आणि विचारले, ‘‘दादा, पोरीला येतंय का नाही, तेवढं सांगा.’’ आम्ही वाचले: ‘प्रगती समाधानकारक. गणितात सुधारणा आवश्यक.’ तिला काय सांगणार? शेजारच्या मुलाचे प्रगतिपुस्तक मागवले. त्यातही तेच वाक्य! दोन मुले, दोन घरे, शेरा मात्र एक.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक अशी सदरे आली. हेतू चांगला होता. मुलाला केवळ पास-नापास न ठरवता त्याचे शिकणे समजून घ्यायचे होते. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्या मोबाईलवर फिरू लागल्या. मुलाकडे न पाहताच त्याची ‘प्रगती’ लिहिली जाऊ लागली! आता नव्या शैक्षणिक धोरणाचे समग्र प्रगतिपत्रक आले आहे. कागद बदलला, पण लिहिण्याची रीत तीच राहिली तर आमच्या मुलांच्या पदरात काय पडणार?

हा प्रश्न आमच्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. ज्या घरात शिकवणी लावण्याची ऐपत नाही, त्या घरात शाळेतून येणारा हा एकच कागद असतो. १९०७ साली मॅट्रिकला भीमराव आंबेडकरांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. केवळ आकडा पाहणाऱ्याने काय शेरा मारला असता? पण कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने बागेत एकटाच वाचत बसणारा तो विद्यार्थी पाहिला होता. त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. केळुसकरांनी विद्यार्थ्याला निरखले आणि पाहिलेले योग्य ठिकाणी बोलून दाखवले. चांगल्या नोंदीत याहून वेगळे काय असते?

मग उपयोगी नोंद कशी असावी? मुलाला आज काय येते, ते नेमके कुठे अडते आणि पुढे काय करायचे, या तीन गोष्टी तीत हव्यात. ‘गणितात कच्ची’ याऐवजी असे लिहा: ‘बिनहातच्याची बेरीज अचूक करते. हातचा दशकाच्या घरात मिळवायला विसरते. शाळेत काड्यांच्या गठ्ठ्यांवर सराव घेत आहोत. घरी रोज दोन हिशेब तोंडाने सांगायला लावा.’ हे निरक्षर आईलाही वाचून दाखवता येते. पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही सुरुवात कुठून करायची ते कळते. ‘खोडकर’, ‘मंद’, ‘पालक उदासीन’ असे शिक्के मात्र नकोत. बारा तास राबणारा बाप सभेला आला नाही म्हणून तो उदासीन ठरत नाही. असा शिक्का वर्षानुवर्षे मुलाच्या मागे लागतो आणि त्यामागे कित्येकदा वस्तीचे नाव आणि आडनाव उभे असते.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. वर्ग भरलेले, त्यात माहिती भरण्याची कामे रोजची. जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारण सोडून अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे याच कायद्याचे कलम २७ सांगते. शासनाने ते पाळावे. शिक्षकांनीही रोज चार-पाच मुलांविषयी वहीत एकेक ओळ टिपावी. सत्राच्या शेवटी नोंद शोधत बसावे लागणार नाही.

पालकांनीही गप्प बसू नये. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती पालकांना सांगणे हे कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. तेव्हा सभेत नम्रपणे पण ठामपणे विचारा: काय येते? कुठे अडते? आम्ही काय करू? बुद्धविहारातील अभ्यासवर्गांनी ही प्रगतिपुस्तके मागवून पालकांना समजावून सांगावीत. समाजातले जे बांधव-भगिनी आज शिक्षक आहेत, त्यांनी सुरुवात आपल्याच वर्गापासून करावी. कॅम्प २ मधल्या त्या आईला पुढच्या निकालाला तरी तिच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळाले पाहिजे.